पाखरांचा खर्च कोणाच्या खात्यावर?



अलीकडे ज्या सभेला जावे तिथे एक उपदेश ऐकायला मिळतो. शेती टिकाऊ करा, देशाला पोटभर अन्न द्या आणि त्याच रानात पाखरे, मधमाश्या, गवते, जुने वाणही सांभाळा. उपदेश वाईट नाही. आम्ही त्याला नाही म्हणत नाही. आमचा सवाल एवढाच आहे, की या सांभाळण्याचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे?

उपदेश करणारांनी आधी आपल्या दाराशी पाहावे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, पारसिकच्या डोंगराखाली महापे नावाचे गाव आहे. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. या पट्ट्यात पूर्वी आगरी-कोळी शेतकरी भात पिकवीत. खाडीच्या बाजूला मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे, खाऱ्या मातीत तग धरणारे भात लावायचे. खाचरात मासळी, बांधापलीकडे तिवरे, चिखलात पाखरे. अन्न आणि जीवसृष्टी एकत्र नांदवण्याची विद्या त्या माणसांना येत होती. त्यासाठी कोणी परिसंवाद भरवला नव्हता.

मग १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० साली सिडको आली. जमिनी गेल्या, त्या सरकारने ठरवलेल्या भावाने. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. तेवढे रक्त सांडल्यावर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट निघाली. इकडे कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत जात राहिले. आणि २०१५ साली त्याच ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली ते रामसर यादीतही गेले. रोहित जगावेत, आमचे काही म्हणणे नाही. पण ज्यांनी बांध घालून ती खाडी सांभाळली ते उठवले गेले, आणि ज्यांनी ती नासवली ते आज आम्हाला निसर्ग शिकवायला येतात. हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

आता आपल्या जिरायती रानाकडे या. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झाले. ८,४९६ चौरस किलोमीटर! यात नुसते माळ नव्हते. गावे होती, ज्वारीची वावरे होती, लोकांची सातबाऱ्यावरची जमीन होती. खरेदी-विक्रीला अडचण, रस्त्याला अडचण, धंदा काढायला अडचण. पुढे हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आणि माळढोक? तो आज तिथे क्वचित दिसतो. माळावरचे गवत आणि कोरडवाहू पिके यांच्यावर जगणारा हा पक्षी. तो टिकायचा तर कोरडवाहू शेतकरी टिकायला हवा होता. सरकारने शेतकऱ्यावर बंधने घातली आणि कोरडवाहू शेती मात्र तोट्यात ठेवली. त्यात ना शेतकरी वाचला ना पाखरू.

दरवर्षी हिवाळ्यात मध्य आशियातून भोरड्या येतात. ज्वारी हुरड्यात आली की थव्याने उतरतात. टोळ खातात हे खरे, पण कणसेही खातात. घरची माणसे माळ्यावर उभी राहून गोफण फिरवतात. खाडीतला रोहित सरकारी चिखलावर चरतो, आमची भोरडी आमच्या कणसावर चरते. फरक एवढाच, की त्याच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद आहे आणि हिच्यासाठी आमचे कणगे आहे. रानडुक्कर आणि रोही यांनी एका रात्रीत वावर लोळवले तर पंचनाम्याचे हेलपाटे वेगळेच.

शहाणे म्हणतात, शेतकऱ्यानेच एकपीक करून विविधता मारली. जरा आठवून पाहा. कपाशीत तुरीचे तास, कडेला ज्वारी, मधे मूग, अंबाडी, धुऱ्यावर गवत. ज्वारीवर ढालकिडे वाढत, ते कपाशीवरचा मावा खात. १९४७ साली देशातल्या कापूस क्षेत्रापैकी ९७ टक्क्यांवर देशी कपाशी होती. मूळ खोल, पावसाचा खंड सोसणारी. मग गिरण्यांनी लांब धागा मागितला, बाजाराने त्यालाच भाव दिला. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला आणि ज्वारीचे गिऱ्हाईक तुटले. माणसाने जे परवडते ते पेरले. यात गुन्हा कोणाचा?

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीला तोंड द्यायला शेतकऱ्याने ती आनंदाने घेतली. कोणते बी पेरायचे हे ठरवण्याचा हक्क आमचाच आहे, आजही आहे. पण नियम काय होता? २० टक्के रान किंवा कडेच्या ५ ओळी साध्या कपाशीच्या ठेवा, म्हणजे अळी लवकर पचवायला शिकणार नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची पुडी दिली की कंपनीचे आणि सरकारचे काम संपले. अळीसाठी सोडलेल्या रानाचे उत्पन्न कोण भरून देणार, हे कोणी बोलले नाही. ओळी फारशा कोणी लावल्या नाहीत. २०१७ साली गुलाबी अळीने राज्यभर बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. सर्वांच्या भल्याची गोष्ट एकट्याच्या खर्चाने होत नाही, हा त्याचा धडा आहे.

कायद्याची तऱ्हा पाहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने कंपन्यांनी लाभात वाटा द्यायचा असे ठरले. २०२३ साली दुरुस्ती झाली आणि त्या कायद्यातली तुरुंगाची शिक्षा जाऊन दंड आला. पण परवानगीशिवाय रानडुक्कर मारणाऱ्या शेतकऱ्याला आजही तुरुंग आहे. वाण आमच्या आज्यापणज्यांनी राखले, त्यावर धंदा करणाऱ्याला दंड आणि वावर राखणाऱ्याला कोठडी!

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवतो.

एक. ज्वारी रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात द्या. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये जाहीर झाला. खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही तर हा आकडा कागदावरच राहतो.

दोन. देशी कपाशीच्या सरळ वाणांचे बी कृषी विद्यापीठांनी आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तालुक्याला पुरवावे. सरळ वाणाचे बी पुढल्या साली घरचे पेरता येते. बी राखण्याचा, बदलण्याचा, बिनशिक्क्याने विकण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने आपल्याला दिला आहे. तो वापरा.

तीन. जो धुरा, माळ, मिश्रपीक किंवा अळीसाठी ओळी राखेल, त्याला एकरी मोबदला द्या. मेहरबानी म्हणून नको, केलेल्या कामाचे दाम म्हणून हवे.

चार. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही बाहेरच्या ठेकेदाराकडून लिहून घेऊ नका. गावातल्या जाणत्या बायाबापड्यांना बसवून लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. वाण आपले, तर नोंदही आपल्या हाताची.

पाखराने दाणा टिपला म्हणून कुणबी कधी भिकेला लागला नाही. भिकेला लागला तो दाण्याला भाव नव्हता म्हणून. भाव द्या, पाखरांचा वाटा आम्ही आजही बाजूला काढून ठेवू.