पडलेला किल्लाही पाहायला हवा

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चोवीस कॅडेट चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला गेलो. मी सातारा जिल्ह्यातला. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड आमच्याच जिल्ह्यात, म्हणजे ग्वाल्हेर अर्धे आपलेच, अशा थाटात मी बसमध्ये बसलो होतो. प्रत्यक्षात शहर अगदी अनोळखी निघाले. पण महाराजबाड्यावर एका दुकानदार आजोबांनी आमचे बोलणे ऐकून ‘कुठले रे तुम्ही?’ असे मराठीत विचारले आणि बरे वाटले. त्या भागाचे नाव ‘लष्कर’. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि छावणीचेच शहर झाले.

पहिल्या दिवशी आम्ही फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे सलामी दिली, तानसेनाची कबर पाहिली. रविवारी सकाळी गुजरी महालाच्या बाजूने पायी किल्ला चढलो. वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. इसवी सन 876 च्या तिथल्या शिलालेखात 270 आणि 50 या आकड्यांत आजच्यासारखे शून्य कोरलेले आहे. वर मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल, भिंतींवर निळ्या फरशांची बदके. सगळ्यांनी फोटो काढले.

तटापाशी आमच्या इतिहासाच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘हा किल्ला घ्यायचा झाला तर कुठून घ्याल?’ आम्ही सगळ्यांनी दरवाजांकडे बोट दाखवले. सर म्हणाले, ‘रखवालदारांनाही तसेच वाटले होते.’

मग त्यांनी 1780 सालची हकिगत सांगितली. पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. किल्ल्यावर महादजी शिंद्यांची शिबंदी होती आणि किल्ला अजिंक्य समजला जात असे. ऑगस्टच्या सुरुवातीच्या एका रात्री कॅप्टन पॉफमच्या तुकडीने, गोहदच्या राण्याच्या माणसांनी हेरून ठेवलेल्या वाटेने, कड्याला शिड्या लावल्या. आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले कापडी जोडे होते. तटावरून गस्तीचे कंदील पुढे गेले. ‘सर्व ठीक’ अशी खूण म्हणून पहारेकरी खोकले. तो खोकला खाली दबा धरून बसलेल्यांनी ऐकला, कंदील दूर जाऊ दिले आणि मग शिड्या चढल्या. उजाडता उजाडता किल्ला गेला.

मला हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर ऐकायलाही आवडले नाही. ‘आपला’ किल्ला असा गेला? पण त्याच दुपारी माझ्या हातून जे घडले, त्यामुळे ही गोष्ट मनातून जाईना.

त्या दिवशी मोजणीची जबाबदारी माझ्याकडे होती. दोन दिवसांत मी सात-आठ वेळा मुले मोजली होती आणि प्रत्येक वेळी चोवीस भरली होती. परत निघताना मी बसमध्ये नजर फिरवली, मोजले नाही, आणि खणखणीत आवाजात सांगितले, ‘सर, सगळे हजर!’ बस सुरू झाली. तेवढ्यात सातवीतला एक ज्युनिअर धापा टाकत दारात आला. तेली का मंदिरापाशी तो वहीत चित्र काढत बसला होता. ‘सॉरी सर,’ तो मला म्हणाला. चूक त्याचीही होती, पण मोठी चूक माझी होती. मागच्या गडबडीत कोणाच्या फारसे लक्षात आले नाही आणि मीही गप्प बसलो. माझे ‘सगळे हजर’ म्हणजे त्या पहारेकऱ्याचा खोकलाच होता. सवयीने दिलेला, न पाहता दिलेला. रात्री वसतिगृहात पोचल्यावर मी सरांकडे जाऊन सगळे सांगितले. ते एवढेच म्हणाले, ‘उद्यापासून बोटाने मोज.’

म्हणून हा लेख. आपल्या सहली शौर्याच्या जागा दाखवतात, आणि त्या दाखवायलाच हव्यात. फुलबागेत उभे राहिल्यावर अंगावर काटा येतोच. पण मी त्या वाटेने चढलो, उतरलो, आणि 1780 सालचा एकही फलक मला दिसला नाही. सरांनी विचारले नसते तर मी बदकांचे फोटो घेऊन परत आलो असतो.

माझे काही मित्र म्हणतात, कॅडेटांना पराभव कशाला सांगायचे? त्याने मन खचते. मला उलट वाटते. 1782 सालच्या सालबाईच्या तहानंतर महादजींनी 1783 मध्ये हाच किल्ला परत घेतला. हरलेले लपवणाऱ्या माणसाला असे परत उभे राहता येत नाही. शौर्य आपल्याला कसे व्हावे ते दाखवते, पराभव मात्र कुठे चुकू शकतो ते दाखवतो. उद्या आपल्यापैकी कोणाच्या हाती पहारा असेल, तेव्हा दोन्ही लागतील.

माझी सूचना साधी आहे. दीड दिवसात पाच ठिकाणे पाहण्याऐवजी दोन पाहावीत. निघण्याआधी प्रत्येक तुकडीला एक प्रश्न द्यावा: ही जागा कधी आणि कशी पडली? उत्तर वाचनालयात शोधावे, तटावर उभे राहून तपासावे आणि सहलीच्या अहवालात त्याला एक पान द्यावे. पालकांनाही विनंती, सुट्टीत मुलगा घरी आला की ‘काय काय पाहिलेस?’ याबरोबर ‘काय चुकले?’ हेही विचारा. माझ्या आईने फोनवर विचारले, तेव्हा मी आधी बदकांबद्दल सांगितले. मग थोडा थांबून मोजणीबद्दलही सांगितले.

आता मी बोटाने मोजतो. चोवीस म्हणजे चोवीस.