व्याख्या पाठ नको, रचता यावी

परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ असा प्रश्न आला की विद्यार्थी पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उतरवतात. गुण मिळतात, अर्थ मात्र हाती लागत नाही. व्याख्या रचण्याचा सराव शाळेनेच द्यावा, असे आमचे मत आहे.

आपल्या रोजच्या जगण्यातला ‘वसतिगृह’ हा शब्द घेऊ. ‘वसतीचे गृह’ म्हटले तर शब्दाची केवळ फोड झाली. ‘माणसे एकत्र राहतात ती जागा’ म्हटले तर प्रत्येकाचे घरही त्यात आले. तर्कशास्त्रात ही अतिव्याप्ती. ‘शिकणाऱ्या मुलांच्या निवासाची सोय’ म्हटले तर नोकरदार महिलांची वसतिगृहे बाहेर राहिली, ही अव्याप्ती. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घरापासून दूर आलेल्यांच्या सामूहिक निवासाची व्यवस्था म्हणजे वसतिगृह, असे म्हटल्यावर वस्तूचा वर्गही कळतो आणि तिचे वेगळेपणही.

ही शिस्त आपल्या परंपरेला परकी नाही. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात आचार्य बुद्धघोष शब्दाचे लक्षण, कार्य, आविष्कार आणि निकटचे कारण अशा चार अंगांनी विवरण करतात. इतरांचे दुःख दूर करण्याची प्रवृत्ती हे करुणेचे लक्षण, असे सांगून ते थांबत नाहीत. क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू आणि शोक हा जवळचा, असेही ते बजावतात. जी गोष्ट चुकून तीच वाटू शकते, तिच्यापासून शब्द वेगळा काढणे हेच व्याख्येचे खरे काम होय.

यावर कोणी विचारील, की संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, पण तिची व्याख्या कोठे केली? आमच्या मते तेथे व्याख्या नसणेच हिताचे ठरले. ‘कोणत्याही स्वरूपातील’ आचरणास मनाई असल्याने शब्दाच्या कुंपणातून निसटण्यास वाव उरला नाही. पुढे 1955 च्या कायद्याने शिक्षापात्र कृत्ये नेमकी सांगितली. सार्वजनिक वसतिगृहात प्रवेश नाकारणे हे त्यांपैकीच एक.

शब्द कोठे बांधावा आणि कोठे मोकळा ठेवावा, हे पाठांतराने कळत नाही. ज्यांच्यावर शतकानुशतके इतरांनी शब्द लादले, त्यांच्या मुलामुलींना तरी शब्दांचे अर्थ स्वतः पारखता आलेच पाहिजेत.