एका तबकडीवर दोन चुली

वार्षिक अंकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे, असा आपल्याकडे संकेत आहे. तेव्हा मराठी विशेष घेतलेल्या एका विद्यार्थिनीने हार्ड डिस्कची वाटणी आणि बूट लोडर यांवर लिहायला घेतलेले पाहून वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. "हे काम विज्ञान शाखेच्या मुलांचे!" असेही कोणी म्हणेल. मीही एके काळी तेच म्हणत होते, आणि त्या म्हणण्याची किंमत मी मोजली आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आमच्या घरात लॅपटॉप एकच. दादाने तो जुना विकत घेतला. ४ जीबी मेमरी, ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. दादा एका पतसंस्थेत कारकून आहे. घरी आणलेले हिशेब तो ज्या प्रोग्रॅमवर करतो, तो फक्त विंडोजवर चालतो. मी त्याच यंत्रावर माझे निबंध लिहिते. आजीच्या तोंडून मी गेल्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्याही तिथेच होत्या. श्रावणात आजी गेली. त्यानंतर त्या ओव्या म्हणजे नुसता प्रकल्प राहिला नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. आमच्या यंत्राजवळ दोन्ही नाहीत. म्हणजे नवे घेणे आले, किंवा लिनक्स घालणे आले. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि त्यात मराठी लिहिता येते, एवढे मला ठाऊक होते. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी, दादा कामावर गेलेला असताना, मी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर दोन पर्याय आले. एक, विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवा. दुसरा, सगळी डिस्क पुसून लिनक्स बसवा. मला वाटले, नवी शाई भरण्यापूर्वी दौत धुऊन घ्यावी. मी दुसरा पर्याय निवडला. अर्ध्या तासात विंडोज, दादाचा प्रोग्रॅम आणि आजीच्या ओव्या, सारे गेले.

दादाच्या हिशेबांची प्रत त्याच्या पेन ड्राइव्हवर होती. ओव्यांची प्रत कुठेच नव्हती. तो मला रागावला नाही. "मला एकदा विचारायचंस तरी," एवढेच म्हणाला. ते मला अधिक लागले.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. पहिली गोष्ट कळली ती अशी, की वाटणीची नोंद पुसली म्हणजे मजकूर लगेच पुसला जात नाही. सातबारा फाडला म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसेच. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले तरच जुने जाते. म्हणून यंत्र तत्काळ बंद केले. मैत्रिणीकडून दुसरी डिस्क मागून आणली, पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले आणि फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवला. तो फाइलींची नावे पाहत नाही, त्यांच्या आतल्या खुणा ओळखतो. दोन दिवसांनी ६३ पैकी ४१ ध्वनिफिती हाती आल्या, पण निनावी, नुसते आकडे लावलेल्या. प्रत्येक फीत ऐकून मला नाव द्यावे लागले. उरलेल्या २२ च्या जागेवर बहुधा माझे नवे लिनक्स बसले होते. आमची डिस्क जुन्या पद्धतीची होती म्हणून एवढे तरी जमले. नव्या एसएसडीवर ट्रिम नावाच्या व्यवस्थेने मोकळी झालेली जागा खरोखरच रिकामी होते. तिथे ही आशाही धरू नये.

आता माझे मत सांगते. ज्याच्या घरी संगणक आहे, त्या प्रत्येक कला शाखेच्या विद्यार्थ्याला डिस्कच्या वाटणीचे ज्ञान हवे. त्यात गणित थोडे आणि व्यवहार पुष्कळ आहे. जुनी पद्धत १९८३ सालची. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सारा कारभार: ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला, शेवटचे दोन सहीपुरते. तक्त्यात हिस्से चारच. अधिक हवे असतील तर एकाचे पोटहिस्से पाडायचे. आता जीपीटी ही पद्धत आहे. तिच्यात साधारणपणे १२८ हिश्शांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. नोंदीची दुसरी प्रत ठेवावी, हे शहाणपण यंत्राला आले. मला यायचे होते.

दुसऱ्या खेपेला मी दादाला शेजारी बसवून कागदावर आखणी केली. विंडोजला १५० जीबी, लिनक्सला ५०, आणि उरलेला मोठा हिस्सा सामाईक, गावच्या विहिरीसारखा. तो एनटीएफएस पद्धतीचा ठेवला, कारण दोन्ही व्यवस्थांना तो वाचता-लिहिता येतो. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपली कागदपत्रे व्यवस्थेच्या हिश्शात ठेवूच नयेत. उद्या विंडोज बिघडो की लिनक्स बदलो, सामाईक हिश्शाला हात लागत नाही. विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' मात्र बंद करावे. ते चालू असले की विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि तशात लिनक्समधून त्या हिश्शांवर लिहिणे धोक्याचे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. आणि वाटणीने प्रत काढण्याचे काम टळत नाही. डिस्कच मेली तर सगळे हिस्से एकदम जातात.

राहिला बूट लोडर. यंत्र सुरू होताना कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारा हा दारावरचा माणूस. जुन्या पद्धतीत दारावर पाटी एकच. जो मागून येई तो आधीच्याचे नाव पुसून आपले लिही. म्हणूनच आधी विंडोज आणि मग लिनक्स, असा क्रम पडला. आजही तोच सोयीचा. यूईएफआय आले तेव्हापासून बूट लोडरांसाठी डिस्कवर एक लहानसा हिस्सा वेगळा असतो आणि प्रत्येकाचे त्यात आपापले कप्पे असतात. लिलो हा जुना लोडर २०१५ साली थांबला. मी ग्रब निवडला, कारण बहुतेक लिनक्सबरोबर तोच येतो आणि अडचण आली तर सांगणारे पुष्कळ भेटतात. यादीत विंडोजचे नाव दिसले नाही तर घाबरू नये. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब इतर व्यवस्थांचा शोध आपण सांगितल्याशिवाय घेत नाही. एक ओळ बदलून यादी नव्याने करायची, की काम झाले. घड्याळ साडेपाच तास पुढेमागे झाले तरी यंत्र बिघडलेले नसते. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स जागतिक. ते भांडणही एका आज्ञेने मिटते.

माझे काही मित्र म्हणतात, "कशाला दोन चुली? विंडोज फेकून दे." त्यांचा उत्साह मला समजतो. तोच उत्साह मला त्या दुपारी चढला होता. परंतु त्या प्रोग्रॅमवर दादाची नोकरी आहे. मला लिनक्स आवडते म्हणून त्याचे पोट माझ्या आवडीवर का अवलंबून असावे? उलट, "आहे ते चालू दे" म्हणणारेही चुकतात. ज्या व्यवस्थेला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे. आम्ही तोड काढली ती अशी: विंडोजवर फक्त हिशेब, तेही इंटरनेटशिवाय, इंटरनेट आणि लेखन लिनक्सवर.

शेवटचा मुद्दा लहान दिसतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रबच्या यादीसमोर काही सेकंद कोणी काहीच दाबले नाही, तर एक व्यवस्था आपोआप सुरू होते. ती कोणती, हे मांडणी करणारा ठरवतो. म्हणजे ज्याला यंत्रातले कळते, तो न कळणाऱ्याच्या वतीने रोज निर्णय घेत असतो. मी तिथे विंडोज ठेवले आणि दहा सेकंदांची मुदत ठेवली. मला खालचा बाण दाबता येतो, दादाला त्याची उठाठेव नको. ज्याला निवडता येते त्याने निवडावे, आणि ज्याला निवडायचे नाही त्याच्या पुढ्यात त्याचेच ताट यावे.

एका घरात दोन चुली मांडल्या की लोक भांडणच झाले असे धरून चालतात. आमच्या तबकडीवर दोन चुली आहेत आणि विहीर एक. त्या विहिरीत आजीच्या ४१ ओव्या आहेत. एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर आहे, एक दादाच्या. मित्रांनो, तुम्ही पेन ड्राइव्ह लावाल तेव्हा आधी प्रत काढा, मग कागदावर आखणी करा, आणि तिसरे म्हणजे घरातल्यांना विचारा. मी हा क्रम उलटा केला होता.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (मराठी विशेष)