शेतकी शिक्षणांतील वही

खरिपापूर्वीं गांवोगांव शेतकी शिक्षणाचे वर्ग भरतात, ही गोष्ट स्तुत्यच होय. बीजप्रक्रिया कशी करावी, बोंडअळीसाठीं कामगंध सापळे कोठें लावावे, हें आतां पोरासोरांसहि ठाऊक आहे. परंतु पीक घरीं आल्यावर पुढें काय करावें, याविषयीं हे वर्ग मौन धरतात, अशी आमची तक्रार आहे.

माजरी येथील अशाच एका वर्गास आम्ही गेलों होतों. व्याख्यान उत्तम झालें. शेवटीं आम्ही मंडळींस सहज विचारलें कीं, एक क्विंटल कापूस तुम्हांस कितीस पडतो? उत्तर एकाचेंहि आलें नाहीं. बियाणें, खत, वेचणीची मजुरी यांचे आंकडे तोंडपाठ होते. पण घरच्या माणसांची मेहनत, स्वतःची बैलजोडी व कर्जाचें व्याज हीं कोणीच धरलीं नव्हतीं. आम्ही जन्मभर महसूल दप्तरांत सात-बारा लिहिले. त्यांत पीक व क्षेत्र यांची नोंद असते, नफातोट्याचा रकाना नसतो. तो ज्यानें त्यानें घरच्या वहींत आंखावयाचा. वरोऱ्याच्या बाजारांत व्यापारी भाव बोलतो, तेव्हां आपण तोट्यांत विकतों कीं काय हेंच ज्यास माहीत नाहीं, तो घासाघीस कशाच्या आधारें करणार?

कागदावांचून होणारें नुकसान कापसापुरतेंच नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं 'पटेल ३' या धानांत निराळ्या लोंब्या हेरल्या व त्यांचें बीं वर्षानुवर्षें वेगळें राखून नवें बारीक धान सिद्ध केलें. एका लोकप्रिय घड्याळावरून बाजारांत त्यास 'एचएमटी' हें नांव पडलें. तांदूळ दूरदूर गेला, २००५ सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें गौरवहि झाला. पण बियाण्याच्या व्यापाराचा पैसा शोधकाच्या दारीं आला नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते वारले, ते हलाखींतच.

यांत त्यांचा दोष नव्हता. त्यांनीं वाण काढलें त्या काळीं तसा कायदाच नव्हता. २००१ सालच्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें वाण आपल्या नांवें नोंदवितां येतें, शुल्कहि पडत नाहीं. तो अर्ज कसा भरावा, हें कोणत्या वर्गांत शिकवितात? दहा उत्पादकांस मिळून कंपनी काढतां येते, हें मात्र सांगतात. तिची रोजकीर्द कोणी लिहावयाची, हें सांगत नाहींत. (आम्ही पडलों कारकून, कागदाचें स्तोम माजवितों, असें कोणी म्हणेल, म्हणोत.)

प्रत्येक वर्गांतील एक दिवस हिशेबासाठीं राखून ठेवावा, अशी सभेस आमची सूचना आहे. पहिला वर्ग माजरीस भरणार असेल, तर वह्या आंखून द्यावयास आम्ही स्वतः येऊं.