'ज्युरासिक पार्क' या बोलपटाविषयीं दोन शब्द

गेल्या सुटींत आमच्या वर्गांतील जोहे व हमरापूर भागाच्या कांहीं मुलांनीं 'ज्युरासिक पार्क' हा जुना बोलपट घरीं पाहिला, आणि शाळा उघडतांच मधल्या सुटींत दुसरा विषय निघेनासा झाला. पाठोपाठ दोघां-तिघां पालकांनीं आम्हांस विचारिलें, "गुरुजी, असलें भयंकर चित्र मुलांनीं पाहावें काय? आणि त्यांत दाखविलें आहे तें खरें काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर उभ्या उभ्या देतां येण्यासारखें नाहीं, म्हणून या अंकाचा आश्रय घेत आहों.

मायकेल क्रायटन यांच्या १९९० सालच्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पिलबर्ग यांनीं हा बोलपट १९९३ सालीं काढिला. पुढील वर्षीं तो हिंदींत बोलूं लागला, आणि इंग्रजी न जाणणाऱ्या आमच्या लोकांनींही त्याला गर्दी केली. कथा थोडक्यांत अशी आहे. जॉन हॅमंड नांवाचा एक धनाढ्य वृद्ध कोस्टा रिकाजवळच्या बेटावर एक अजब प्राणिसंग्रहालय उभारतो. झाडाच्या राळेंत अडकून दगड झालेल्या पुरातन डांसाच्या पोटांतील रक्तापासून त्याचे शास्त्रज्ञ डायनोसॉर पुन्हां निर्माण करितात. तें पाहण्यास कांहीं विद्वान, एक वकील व हॅमंडचीं दोन नातवंडें येतात. त्याच संध्याकाळीं वादळ उठतें. पैशाला भुललेला एक नोकर आपली चोरी साधण्याकरितां कुंपणांची वीज तोडतो. आणि मग माणसांना जीव घेऊन पळावें लागतें.

प्रथम गुण सांगूं. दोन तासांहून थोड्या अधिक अवधींत डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते अवघीं सुमारें पंधरा मिनिटें. तरी ते सर्वत्र आहेत असें वाटत राहतें. पेल्यांतील पाण्यावर उठणारे तरंग पाहूनच ऊर धडधडूं लागतो. कांहीं दृश्यें संगणकावर चितारलेलीं आहेत. परंतु मोटारीवर चाल करून येणारा तो टायरॅनोसॉरस बऱ्याच अंशीं हातांनीं घडविलेला आहे. स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनीं आधीं लहान नमुना केला, मग पूर्ण आकाराचें रूप मातींत घडविलें, त्यावरून सांचे काढिले, आणि रबराची कातडी यंत्राच्या सांगाड्यावर चढविली. जोहे गांवच्या मुलांस हें निराळें समजावून सांगावयास नको. मातीचा पहिला नमुना, त्यावरून सांचा, सांच्यांतून निघालेल्या भागांची जोडणी, घासकाम, रंग आणि शेवटीं डोळ्यांची आखणी, हें सर्व त्यांनीं पाळण्यांतून पाहिलेलें असतें. पावसांत चित्रण करतांना त्या रबरी कातडींत पाणी मुरे, तें जनावर जड होऊन थरथरूं लागे, आणि माणसें पंचे घेऊन तें टिपीत बसत. आषाढांत न वाळणाऱ्या मूर्तीची चिंता ज्यांच्या घरीं वाहिली जाते, त्यांना या कारागिरांची दया आल्यावांचून राहणार नाहीं.

आतां दोष. शास्त्राच्या दृष्टीनें नांवापासूनच घोटाळा आहे. यांतील टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स व व्हेलॉसिरॅप्टर हे ज्युरासिक काळांतील नसून त्यानंतरच्या क्रिटेशस काळांतील होत. खरा व्हेलॉसिरॅप्टर टर्की कोंबड्याएवढाच असे, आणि त्याच्या अंगावर पिसें होतीं असें मंगोलियांत मिळालेल्या एका हाडावरून २००७ सालीं दिसून आलें. मुख्य गोष्ट ही कीं, ज्यावर सारी कथा उभी आहे तें पेशींतील डीएनए इतका काळ टिकत नाहीं. ग्रीनलंडांत मिळालेलें व २०२२ सालीं जाहीर झालेलें फार जुनें डीएनए सुमारें वीस लाख वर्षांपूर्वीचें आहे. डायनोसॉर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नष्ट झाले. तेव्हां मुलांनो, रात्रीं निर्धास्त झोंपा. नीतीच्या दृष्टीनेंही एक प्रसंग आम्हांस रुचला नाहीं. मुलांना टाकून पळालेला वकील शौचकूपांत लपतो व तेथेंच मारला जातो. त्या वेळीं प्रेक्षकांनीं हंसावें अशी योजना दिसते. भित्रा मनुष्यही मनुष्यच होय. त्याच्या मरणावर हंसण्यास मुलांनीं शिकूं नये.

'साडेसहा कोटी वर्षें' असें म्हणतांच एका ख्रिस्ती पालकांनीं शंका काढिली कीं, हें पवित्र शास्त्राशीं कसें जुळावें? आम्हीं त्यांना रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें उदाहरण दिलें. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. शाळा चालविणें, शुभवर्तमान सांगणें आणि फिरतीवर असतां खडकांचें निरीक्षण करणें, हीं त्यांचीं कामें एकत्र चालत. हल्लींच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथें महाकाय प्राण्यांचीं हाडें आहेत, याकडे विद्वानांचें लक्ष वेधणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्याच पिसदुऱ्यांतील दगड बनलेल्या विष्ठेंत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि डायनोसॉरांच्या काळींही गवत होतें हें जगाला कळलें. दगड फोडल्यानें हिस्लॉप साहेबांची श्रद्धा फुटली नाहीं. १८६३ सालीं पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला तोंवर ते मिशनरीच राहिले. इतक्या दूर जाण्याचीही गरज नाहीं. कर्नाळ्याचा सुळका व पेणभोंवतालचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो डायनोसॉरांच्या अखेरीच्या सुमारासच तप्त रसाच्या रूपानें पृथ्वीच्या पोटांतून बाहेर पडला. बोलपट पाहून झाल्यावर मुलांनीं त्या डोंगरांकडे एकदां नीट पाहावें.

परंतु या बोलपटाचें मर्म प्राण्यांत नाहीं, हॅमंडमध्यें आहे. हॅमंड दुष्ट नाहीं. तो हंसतमुख आजोबा आहे. खर्चांत आपण कसर केली नाहीं असें तो पुनःपुन्हां सांगतो. तरीही सर्व बेटाची राखण त्यानें एका असंतुष्ट नोकराच्या हातीं सोंपविली. सर्व प्राणी माद्या आहेत, सबब त्यांची वाढ होणार नाहीं, असें गृहीत धरिलें. आणि रानांत तर अंडीं फुटूं लागलीं! निर्माण करण्याचा हर्ष त्याला होता, पण निर्माण केल्यानंतरचें ओझें त्यानें मनांत आणिलें नव्हतें. उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिलेली आहे, तसेंच बागेची मशागत व राखण करण्याचें कामही दिलेलें आहे. पहिली गोष्ट आम्हांस आठवते, दुसरी आम्ही विसरतों. उलट डॉक्टर ग्रँट पाहा. त्यांना मुलांचा कंटाळा. पण संकटांत तीं दोन मुलें पदरीं पडतांच ते त्यांना झाडावर चढवितात आणि आपण रात्रभर जागे राहूं असा शब्द देतात. ज्यानें घडविलें त्याला राखतां आलें नाहीं. ज्याच्यावर केवळ भार येऊन पडला त्यानें राखिलें.

हाच प्रश्न आज जोहे येथील मूर्तींच्या कारखान्यांतही उभा आहे. शाडू पाण्यांत विरघळतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिस तसें सहज विरघळत नाहीं, भग्न होऊन किनाऱ्यास लागतें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालच्या सूचनांत प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई केली. २०२५ च्या जून महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें त्या घडविण्यास मोकळीक दिली, परंतु नैसर्गिक जलाशयांत त्यांचें विसर्जन होऊं नये असें बजाविलें. या ओढाताणींत किती घरांच्या चुली गुंतल्या आहेत हें आम्ही जाणतों. प्लॅस्टर हलकें, स्वस्त व लवकर वाळणारें. शाडू जड, नाजूक आणि पावसाळ्यांत हट्टी. दुसऱ्याच्या उपासनेविषयीं बोलण्याचा आमचा अधिकार नाहीं व इच्छाही नाहीं. पण ज्यांचीं मुलें आमच्यापुढें बांकावर बसतात त्यांना शिक्षक या नात्यानें इतकेंच विचारावेंसें वाटतें कीं, वस्तु आपल्या दारांतून बाहेर पडली म्हणजे आपलें काम संपलें काय? हा प्रश्न एकट्या कारागिरास विचारणें अन्यायाचें होईल. थोडक्या दामांत उंच मूर्ति मागणारें गिऱ्हाईकही हॅमंडचेंच भाऊबंद. आणि आम्ही शाळामास्तरही सुटत नाहीं. मुलाला परीक्षेपुरतें विज्ञान द्यावें व विवेक देऊं नये, हें कुंपणाची वीज तोडण्यासारखेंच आहे.

तात्पर्य, हा बोलपट मुलांनीं अवश्य पाहावा, पण लहानग्यांनीं एकट्यानें नव्हे. पालकांनीं शेजारीं बसावें, आणि संपल्यावर "हॅमंड कोठें चुकला?" असें विचारावें. आम्हीं हा प्रश्न वर्गांत विचारिला. पुष्कळांनीं कुंपणाचें नांव घेतलें, कांहींनीं चोर नोकराचें. शेवटीं आठवींतील एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरीं मूर्तींचा कारखाना आहे. तो म्हणाला, "गुरुजी, त्यानें आधीं एकच करून बघायला पाहिजे होता. सांचा नवा असला कीं आमचे बाबा पहिल्यांदा एकच गणपती काढतात, आणि तो चार दिवस नुसता बघत बसतात."

याहून चांगलें परीक्षण आम्हांस लिहितां आलें नसतें.