एका सकाळची दोन नावं

माळव्यातून / माळवेकर

गेल्या आठवड्यात मी इंदूरच्या रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांबद्दल लिहिलं होतं. ओघात एक वाक्य पडलं: ‘१ जुलै १८५७च्या बंडात होळकरी तोफा इथेच धडधडल्या.’ रविवारी पोह्यांवर शेव पडायच्या आत दोन फोन आले. पहिला रामबागेतल्या एका निवृत्त मास्तरांचा. “अहो, बंड काय म्हणून राहिलात? स्वातंत्र्यसंग्राम म्हणा. बंड हा गोऱ्यांचा शब्द.” दुसरा फोन ज्यांचा होता, त्यांच्या घरात तीन पिढ्या होळकर दरबारची चाकरी झाली. “तोफा होळकरी म्हणता, म्हणजे महाराजांवर बालंट घेता. महाराजांचा त्यात हात नव्हता.” एकाला मी इंग्रजांचा वाटलो, दुसऱ्याला महाराजांचा वैरी. वाक्य एकच होतं.

मास्तरांची तक्रार आधी घेतो. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं ग्वाल्हेरला निघाले आणि महूजवळ येईतो या धामधुमीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’वर ‘बंडाची हकीकत’ असेच शब्द आहेत. सावरकरांनी त्याच घटनांना ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं, तर न. र. फाटकांनी ‘शिपाईगर्दी’. तिघेही अस्सल मराठी. तेव्हा ‘बंड’ आपल्या घरातलाच शब्द आहे. आज कवीला बंडखोर म्हटलं की त्याची मान ताठ होते आणि तिकीट न मिळालेला उमेदवारही स्वतःला बंडखोर म्हणवून घेतो. पण मास्तरांचं एक खरं आहे. यातला कुठलाही शब्द उचलला की आपण निकाल देऊन मोकळे होतो आणि साक्षीपुरावा मागाहून शोधतो.

तेव्हा शब्द घटकाभर बाजूला ठेवू आणि ती सकाळ पाहू.

२१ डिसेंबर १८१७ला महिदपूरची लढाई होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला आणि इंदुरात कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला. म्हणजे रेसिडेंटची ही कोठी, रेसिडेन्सी, कुणी हौसेनं बांधून घेतलेली नव्हे. पराभवाच्या पोटी आलेली. १८५७च्या उन्हाळ्यात तिथे कर्नल हेन्री मॅरियन ड्युरँड होता. सर रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर विलायतेला गेल्यामुळे त्याच्या जागी आलेला. राजवाड्यात होते बावीस वर्षांचे तुकोजीराव दुसरे. मीरत, दिल्लीच्या बातम्या आल्या, तसं ड्युरँडनं कोठीच्या रक्षणासाठी होळकरांकडून माणसं आणि तोफा घेतल्या. १ जुलैच्या सकाळी त्याच तोफा कोठीवर वळल्या. पुढे होता होळकरी फौजेतला सआदत खाँ.

कोठीत भोपाळ कंटिंजंटचे शिपाई होते. बहुतेकांनी लढायचं नाकारलं. कर्नल ट्रॅव्हर्सनं मोजक्या घोडेस्वारांनिशी तोफांवर चाल केली. तीही वाया गेली. काही तासांत ड्युरँड बायकामुलांसह सीहोरच्या वाटेला लागला. मागे सापडलेले युरोपियन आणि युरेशियन कारकून, तारखात्यातली माणसं, त्यांच्या बायका आणि मुलं मारली गेली. कोठी आणि खजिना लुटला गेला. संध्याकाळी महूची पलटण उठली. बंडवाले राजवाड्यावर आले आणि आत आश्रयाला असलेले ख्रिस्ती लोक त्यांनी मागितले. तुकोजीरावांनी ते दिले नाहीत. काही दिवसांत फौज उत्तरेकडे निघून गेली.

पुढे ट्रॅव्हर्सला त्या सकाळच्या चालीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सआदत खाँ सतरा वर्षं परागंदा राहिला, सापडला आणि १८७४ साली रेसिडेन्सीच्या आवारातच फासावर गेला. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना तर १० फेब्रुवारी १८५८लाच इंदुरात फाशी झाली होती. आज जिथे एम.वाय. हॉस्पिटल आहे, त्या आवारात.

आता दुसरा फोन. महाराजांचा हात होता की नव्हता, यावर आपण काय भांडणार! साहेबच आपसांत भांडून दमले. ड्युरँडचं ठाम मत, की हल्ला होळकरांच्या संमतीनंच झाला. परत आलेल्या हॅमिल्टनला ते पटलं नाही. जॉन के या इतिहासकारानं ड्युरँडच्या वागण्यावर ठपका ठेवला, तेव्हा ड्युरँडच्या मुलानं बापाची बाजू मांडायला अख्खं पुस्तक लिहिलं. हाच मुलगा पुढे अफगाण सरहद्दीवर आपल्या नावाची रेघ ओढणारा मॉर्टिमर ड्युरँड. जॉन डिकिन्सन यांचं होळकरांची वकिली करणारं पुस्तकही आलं. सरकारनं स्वतः काय केलं? महाराजांना ‘स्टार ऑफ इंडिया’ दिला, पण शिंद्यांना आणि भोपाळच्या बेगमांना जसा मुलूख बक्षीस दिला, तसा होळकरांना दिला नाही. छातीवर तारा लावला आणि मनात संशय ठेवला.

मजा पुढेच आहे. साहेबांच्या एका गटाला महाराज आतून बंडवाल्यांना सामील वाटले. आपल्यातल्या काहींना आज ते इंग्रजांचे मिंधे वाटतात, कारण त्यांनी आश्रित वाचवले आणि महूच्या इंग्रज अधिकाऱ्याला पत्रं लिहिली. एकाच माणसावर गद्दारीचे दोन आरोप, आणि तेही एकमेकांच्या अगदी उलट! मला वाटतं, बावीस वर्षांचा एक राजा त्या दिवसांत एकाच वेळी तीन गोष्टी धरून होता. आपलीच फौज हाताबाहेर गेलेली, दिल्लीचं काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही, आणि दाराशी आलेल्याला मारेकऱ्यांच्या हाती द्यायचं नाही. यातली तिसरी गोष्ट त्यांनी निभावली, एवढं तरी दोन्ही बाजूंच्या कागदांतून दिसतं.

हे मनात घोळत असताना मला आयर्लंड आठवत राहिलं. उगाच नव्हे. माळव्यातलं बंड मोडायला ज्या पलटणी आल्या, त्यांत ८६वी ‘रॉयल काउंटी डाउन’ होती. धारच्या वेढ्यात ती होती, ३ एप्रिल १८५८ला झाशीच्या तटावरही होती. काउंटी डाउन म्हणजे आयर्लंडचा ईशान्य कोपरा. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधली सुमारे दहा लाख माणसं मेली. त्या उपाशी बेटावर पोटासाठी लाल कोट चढवणारे तरुण कमी नव्हते. झाशीत जीव मुठीत धरून लपलेल्या गोडसे भटजींना ते नुसते गोरे दिसले. गोरेच ते, पण त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी जमीनदार इंग्रज होता.

त्याच सैन्यात बासष्ट वर्षांनी उलटा प्रकार घडला. जून १९२०मध्ये जालंधरच्या छावणीत कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली, कारण त्यांच्या देशात इंग्रज फौजा काय करताहेत ते त्यांच्या कानावर आलं होतं. सोलनला तोच वणवा पोहोचला. २ नोव्हेंबरला दगशाईला जेम्स डॅलीला गोळ्या घातल्या गेल्या. कागदोपत्री तो बंडखोर शिपाई. पन्नास वर्षांनी त्याच्या अस्थी आयर्लंडनं मानानं मायदेशी नेल्या.

आपल्याकडेही आयर्लंडचं वेड होतं. टिळकांनी ‘होमरूल’ हा शब्दच तिथून उचलला. २४ एप्रिल १९१६ला डब्लिनमध्ये उठाव झाला आणि शहरात तोफा चालू असतानाच, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांची होमरूल लीग उभी राहिली. शब्द एक, वाटा दोन.

पुढे बेटाचा ईशान्य तुकडा ब्रिटनकडे राहिला आणि १९६९च्या ऑगस्टपासून तिथे ब्रिटिश सैनिक रस्त्यावर उतरले. सुरुवातीला कॅथलिक वस्त्यांतल्या बायकांनी त्यांना चहा पाजला. दोन-तीन वर्षांत त्याच गल्ल्यांतून त्यांच्यावर गोळ्या सुटू लागल्या. १९९८पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. या सगळ्याला इंग्रजीत ‘ट्रबल्स’ म्हणतात, म्हणजे कटकटी! आयर्लंड एक व्हावं म्हणून लढणारे रिपब्लिकन म्हणत, हे युद्ध आहे. सरकार म्हणे, ही गुन्हेगारी आहे. १९८१मध्ये बॉबी सँड्ससह दहा कैदी उपोषण करून मेले. भांडण मुळात एवढंच, की आम्हाला राजकीय कैदी म्हणा, चोर-दरोडेखोर म्हणू नका. तिथल्या एका शहराला निम्मे लोक डेरी म्हणतात, निम्मे लंडनडेरी. दोन्ही नावं तिरप्या रेघेनं जोडून लिहितात, म्हणून गावाचं टोपणनाव पडलं ‘स्ट्रोक सिटी’.

याच डेरीत ३० जानेवारी १९७२ला ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटनं मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण जागीच गेले, चौदावा नंतर. त्याच वर्षी न्यायमूर्ती विजरी यांच्या चौकशीनं सैनिकांना बहुतांशी सांभाळून घेतलं. नातेवाईक गप्प बसले नाहीत. १९९८मध्ये दुसरी चौकशी बसली आणि १५ जून २०१०ला सॅव्हिल अहवाल आला, की मारल्या गेलेल्यांपैकी कुणापासूनही धोका नव्हता. पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. त्याला अडतीस वर्षं लागली. पण दुसरी बाजूही ऐका. २१ जुलै १९७२ला आयआरए या रिपब्लिकनांच्या सशस्त्र संघटनेनं बेलफास्टमध्ये तासाभराच्या अवधीत वीसेक बॉम्ब उडवले, नऊ माणसं मेली. त्याला तीस वर्षं होत असताना, जुलै २००२मध्ये, आयआरएनं मारल्या गेलेल्या निःशस्त्र लोकांच्या कुटुंबांची माफी मागितली. या माफ्यांनी कुणाचा ध्येयवाद बुडाला नाही. आयर्लंड एक व्हावं असं वाटणाऱ्यांना आजही तसंच वाटतं.

मास्तर म्हणतील, “म्हणजे जुलूम करणारा आणि सोसणारा एकाच तागडीत घालता काय?” नाही. रेसिडेन्सी इथे तलवारीच्या जोरावर आली होती, तिच्याविरुद्ध उठणं अन्याय्य नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. पण हे सराफ्याचं गाव आहे. हिशेब कसा ठेवायचा ते आपल्याला कुणी शिकवायला नको. हेतूचं खातं वेगळं, कृतीचं वेगळं. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या खर्चात वळती करून टाकली, की त्याला लबाडी म्हणतात. साहेबानं तेच केलं. कानपूरच्या बायकामुलांचे खून दाखवून झाशीची कत्तल झाकली. आपणही तारखात्यातल्या त्या कारकुनाची मुलं सआदत खाँच्या शौर्याखाली झाकून टाकायची? त्याचं शौर्य तेवढं लेचंपेचं नाही. ते उघड्यावर उभं राहू शकतं.

आपण मात्र ‘आपला तो बाब्या’ याच हिशेबानं चालतो. त्यामुळे आपल्या पाट्यांवर एक तर सगळे हुतात्मे असतात, नाही तर पाटीच नसते. मधल्या माणसाला जागा नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्रीत तुकोजीराव दुसऱ्यांचं स्मारक आहे. संध्याकाळी मुलं पायऱ्यांवर बसून सेल्फी काढतात. इंदूर-खंडवा रेल्वेसाठी त्यांनी एक कोटीचं कर्ज दिलं, त्यांच्या काळात इथे कापसाची गिरणी आली, हे गाईड सांगतो. १८५७चं नाव निघालं की दोन वाक्यांत आटोपतो. तिथून तीनेक किलोमीटरवर रेसिडेन्सी. तिच्या नामांतराचा विषय अलीकडे महापालिकेत निघाला, शिवाजी महाराजांचं नाव पुढं आलं. थोर नाव, त्याला कोण नाही म्हणेल? पण त्या कोठीत जे घडलं त्याच्याशी या नावाचा संबंध नाही, आणि ज्यांचा संबंध होता ते नव्या फलकाखाली आणखी गाडले जातील.

१९९८च्या गुड फ्रायडे करारात एक कलम आहे, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. उत्तर आयर्लंडमधल्या माणसानं स्वतःला आयरिश म्हणावं, ब्रिटिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, त्याची मर्जी. इतकी प्रेतं उचलल्यावर त्यांना ‘किंवा दोन्ही’ हे शब्द सापडले. आपल्या सकाळीला पावणेदोनशे वर्षं होत आली. आपल्याला एवढी तिरपी रेघ ओढायला काय हरकत आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोठीचं नाव काय ठेवायचं ते ठेवा, पण आवारात एक फलक लावा. मथळा ‘बंड / स्वातंत्र्यसमर’. खाली तारीख, १ जुलै १८५७. त्याखाली सआदत खाँ, बख्तावरसिंह. त्याखाली त्या सकाळी मारल्या गेलेल्यांची, कागदोपत्री सापडतील ती नावं, मुलांचीसुद्धा. ज्या होळकरी आणि कंटिंजंटच्या शिपायांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी एक रिकामी ओळ. आणि शेवटी एक वाक्य, की राजवाड्यात आश्रय मागितलेल्यांना महाराजांनी बाहेर काढलं नाही.

मास्तरांना त्या रेघेच्या डावीकडचा शब्द खुपेल, दुसऱ्या फोनवाल्यांना उजवीकडचा. दोघांचे फोन येतील, ते मी घेईन. कुणी म्हणेल, एवढ्या मजकुराला फलकावर जागा पुरायची नाही. तर मग अक्षरं बारीक करावीत, नावं कमी करू नयेत.