गाडीची किल्ली आणि हिंसादान



पाणी गाळल्याशिवाय आपण वापरत नाही. भाजी निवडताना अळी दिसली तर पानासकट उचलून बाहेर झाडात ठेवतो. मग स्कुटीची किल्ली हातात आली की ही काळजी कुठं जाते? आज माझ्याच चुकीपासून सुरुवात करते.

मागच्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वातली गोष्ट. बाजारात उशीर झाला. दिवस मावळायला वीस मिनिटं राहिलेली आणि घरी सासूबाई जेवायच्या थांबलेल्या. वळसा नको म्हणून मी राँग साइडनं गाडी घातली. समोरून सायकलवर एक आजोबा आले. मला चुकवायला त्यांनी हँडल वळवलं आणि ते पडले. कोपर सोलवटलं, किटलीतलं दूध सांडलं. खरं सांगते, मी हॉर्न आधी वाजवला होता आणि ब्रेक नंतर लावला. आजोबा उठून एवढंच म्हणाले, "जरा दमानं जा की गं पोरी."

घरी सूर्यास्ताच्या आत ताटं वाढली. नियम पाळला गेला, पण माझा घास उतरेना. रात्रिभोजनाचा त्याग जीव वाचावेत म्हणून, आणि तो पाळायला मी एका माणसाचा जीव धोक्यात घातला. त्यापेक्षा एक वेळ उपाशी राहिले असते तर काय बिघडलं असतं?

"कुणाला लागलं तर नाही ना," असं म्हणून आपण सुटतो. पण आपल्या धर्मात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेफिकिरीत सांगितलं आहे. समोरचा वाचला तरी बेफिकिरीचा दोष आपल्याला लागतोच. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. आपण श्राविका, आपल्याला तेवढं जमणार नाही. पण ताशी 40 च्या वेगानं गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. मोबाईलवर दोन सेकंद नजर गेली तर 22 मीटर रस्ता आपण न बघता गेलो. हा प्रमाद नाही तर काय?

आता मुख्य मुद्दा. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत एक आहे हिंसादान, म्हणजे ज्यानं हिंसा होईल असं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. स्वाध्यायात हे ऐकताना आपल्या डोळ्यांपुढं तलवार, विष असलं काहीतरी येतं. माझ्या डोळ्यांपुढं त्या दिवशी आमच्या दारामागच्या खिळ्यावरची किल्ली आली. माझा मुलगा दहावीत आहे. क्लासला तो माझीच स्कुटी नेत होता.

"क्लास लांब आहे, सगळीच मुलं नेतात," हे मीही म्हणत होते. कायदा काय म्हणतो बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. विहारात महाराजांना, माताजींना वाहनानं धडक दिल्याची बातमी आली की आपण हळहळतो. ती गाडी चालवणाराही कुणाच्या तरी घरातूनच निघालेला असतो.

मी किल्ली कपाटात ठेवली. मुलगा आठ दिवस धड बोलला नाही. आता सायकलनं जातो, पाऊस असला की मी सोडते. मंदिरासमोर गाडी आडवी लावणं, रात्री समोरच्याच्या डोळ्यांत अप्पर मारणं, सिग्नल सुटायच्या आत हॉर्न वाजवणं, हेही सोडायचा नियम घेतला आहे. पहिला आठवडा जड गेला, मग सवय झाली.

क्षमावाणीला आपण घरोघरी जाऊन क्षमा मागतो. त्या आजोबांना मी दोनदा शोधलं, भेटले नाहीत. रस्त्यावर ज्याला दुखावलं, त्याची क्षमा मागायला तो पुन्हा भेटेलच असं नाही. म्हणून तिथं आधीच जपायला हवं.

तुमच्या घरातली किल्ली कुणाच्या हातात आहे, आज जरा बघा.

जय जिनेंद्र.